दुपारची थरथर

वर्षाची नेहमीची सर्व्हिस होती, एवढंच. एप्रिल संपत आला होता, विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याच्या आतल्या अंगाला एक चार मजली सोसायटी, तिच्या गच्चीवर आमच्या कंपनीचा सोलर इन्व्हर्टर. घरात बॅटरीवर चालतो तो इन्व्हर्टर वेगळा. हा कपाटाएवढा असतो, पॅनलमधून आलेली वीज घेतो आणि बाहेरच्या लायनीशी जुळेल अशी करून तिच्यात सोडतो. उघडायचा, पुसायचा, चार ठिकाणी मोजायचं, सही घ्यायची आणि घरी जायचं. मला त्या दिवशी लवकर घरी जायचं होतं.

माझं नाव मेहजबीन शेख. आम्ही घोरपडी पेठेतले. अब्बांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे जळक्या वार्निशचा वास मला झोपेतही ओळखता येतो. दुसऱ्याची चूक दाखवायला मला आवडतं, आणि हे मी लपवत नाही. या धंद्यात त्याचेच पैसे मिळतात.

सोसायटीचे सेक्रेटरी संजय पानसे जिन्यातच भेटले. लेंगा, बनियन आणि चेहऱ्यावर कुणीतरी उधारी मागायला आल्यासारखे भाव.

"तुम्ही एकट्याच? माणूस नाही आला बरोबर?"

"मीच माणूस."

"बरं. एकच्या आत उरका. एक ते चार इथे कोणी आवाज करत नाही."

"पॅनलना सांगितलंय का तसं? त्यांची कामाची वेळ नेमकी तीच आहे."

पानसे हसले नाहीत. पुण्यात दुसऱ्याच्या विनोदाला हसायची पद्धत नाही.

गच्चीची किल्ली वरच्या मजल्यावरच्या द्वारका वानखडे यांच्याकडे असायची. बारीक अंगाच्या, सत्तरीच्या आसपासच्या बाई. त्यांनी दार बोटभर उघडलं आणि किल्ली बाहेर सरकवली. त्या फटीतून गरम हवेचा झोत माझ्या मनगटावर आला. स्वयंपाक चालला असेल, असं मला वाटलं.

गच्चीवर साड्या अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. मी इन्व्हर्टरचं दार उघडलं आणि माझं डोकंच फिरलं.

हे जरा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इन्व्हर्टरमधून निघालेली वीज खडबडीत असते. ती गुळगुळीत करायला दोन कॉइल आणि त्यांच्यामध्ये कपॅसिटर असा फिल्टर लावतात. त्या फिल्टरला एक खोड आहे. झोपाळ्याला नेमक्या वेळी जरासा धक्का देत राहिलं की तो वर वर जातो ना, तसा हा फिल्टर एका ठराविक थरथरीला भलतीच साथ देतो. ती वाढत जाते. आधी गुणगुण, मग किंकाळी, मग कुणाचा तरी टीव्ही जळतो. याला आम्ही रेझोनन्स म्हणतो. तो आवरायला कपॅसिटरच्या जोडीला रेझिस्टर बसवतात. त्याचं काम एकच, जास्तीची थरथर अंगावर घ्यायची आणि तापायचं. थरथर नाहीशी करता येत नाही. ती कुणीतरी सोसावी लागते.

इथे रेझिस्टरच्या सगळ्या वायरी कापलेल्या होत्या. टोकांना नीट टेप गुंडाळली होती. रेझिस्टर गार ठेवणारा पंखा तर जागेवरच नव्हता.

मी पानसेंना हाक मारून वर बोलावलं.

"हे कुणी केलं?"

"कमिटीने," ते शांतपणे म्हणाले. "पंखा फार वाजायचा. लोकांची दुपारची झोप होईना. सभेत ठराव झाला. एकमताने. मग पंखा काढला. पंखा नाही म्हटल्यावर तुमची ती रेझिस्टरची जाळी लालबुंद व्हायला लागली, म्हणून इलेक्ट्रिशियनला सांगून तीही तोडली. नाहीतरी नुसती तापतच होती. आता वीजही जास्त मिळते."

"ब्रेक आवाज करतात म्हणून तुम्ही गाडीचे ब्रेक काढलेत."

"सुरुवातीला वाजलं. आठवडाभर. लिफ्टचं कार्ड गेलं, दोघांचे मिक्सर गेले, खालची कुत्री भुंकून भुंकून बेजार. मग थांबलं."

"कसं थांबलं?"

"आपोआप."

"आपोआप काही थांबत नाही, पानसे."

"थांबलं ना पण. मग?" असं म्हणून त्यांनी घड्याळात पाहिलं आणि ते झोपायला गेले.

मी विजेची लाट पडद्यावर दाखवणारा स्कोप जोडला. माथ्यावर ऊन होतं, पॅनल भरात होते, इमारतीत कुणी काही वापरत नव्हतं. यंत्राने आकांत मांडावा अशी वेळ. पण पडद्यावरची लाट इतकी स्वच्छ होती की कंपनीच्या माहितीपत्रकात छापावी. दूर रस्त्यावर एक रिक्षा गेली, मग तीही नाही. यंत्राचा मुळीच आवाज नव्हता. ती शांतता मला आवडली नाही.

यंत्र बंद केलं, माझ्याजवळच्या वायरीने रेझिस्टर पुन्हा जोडला आणि यंत्र चालू केलं. आता तो तापायला हवा होता. थोडं थांबून मी हाताची मागची बाजू त्याला लावली. तो गार होता. त्या गच्चीवर फरशी भाजत होती, दाराची कडी भाजत होती, माझी स्वतःची पक्कड हातात धरवत नव्हती, आणि हा धातू सावलीतल्या माठासारखा गार.

म्हणजे थरथर त्याच्यापर्यंत येतच नव्हती. दुसरं कुणीतरी ती आधीच घेत होतं.

मग मला आवाज ऐकू आला. जिन्यातून येत होता. रस्त्यावरून अवजड ट्रक गेला की मांडणीतल्या वाट्या कशा किणकिणतात, तसा. फक्त हा ट्रक पुढे जात नव्हता. मघाशी यंत्र बंद होतं तेवढा वेळ हा आवाजही नव्हता, हे मला आठवलं. पाठोपाठ वास आला. जळकं वार्निश. यंत्रात डोकं घालून पाहिलं, तिथे काही नव्हतं. वास खालून येत होता.

वानखडेंचं दार आता उघडंच होतं.

"काऊन बाई, पाणी पाहिजे का?" काकूंनी विचारलं. त्या मूळच्या वर्ध्याकडच्या. इतकी वर्षं पुण्यात काढली तरी बोलणं तिकडचंच राहिलेलं. "या आत. हळू बोला. यांना बरं नाही."

आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते. लोखंडी खाट होती, तिचे पाय फरशीवर बारीक बारीक वाजत होते. खाटेवर बद्रीनाथ वानखडे निजले होते. कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला, एके काळी चांगला धिप्पाड असावा असा माणूस.

त्यांच्याकडे बघताना मला आधी माझ्याच डोळ्यांचा दोष वाटला. भिंत नीट दिसत होती. उशी नीट दिसत होती, अभ्र्यावरची शिवण दिसत होती. उशीवरचा चेहरा तेवढा नीट दिसत नव्हता. त्याला कडाच नव्हत्या. नाक कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं. तापाने कापणारा माणूस मी पाहिलाय, ते कापणं डोळ्याला दिसतं. हे त्याहून फार जलद होतं. अंगावरची चादर एकसारखी गुणगुणत होती, आणि त्या गुणगुणीच्या आत दातांचा आवाज होता.

माझ्या हातात थर्मल कॅमेरा होता, उष्णता दाखवणारा. जिवंत माणूस त्यात नारिंगी दिसतो. खाटेवर पांढरा आकार दिसला. आमच्या कॅमेऱ्यात पांढऱ्याच्या वर रंग नाही.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"चार झाले. कोणाले काही सापडत नाही. ऊन चढलं की चढते, ऊन उतरलं की उतरते. ढग असले की चहा मागतात, पेपर वाचतात."

"मग ॲडमिट करा ना त्यांना!"

"केलं होतं न. येरवड्याकडे. तिथे पहिल्या दिवसापासून ठणठणीत. इकडे मात्र मशीन बोंबलाले लागली, दुसऱ्या मजल्यावरची पोर लिफ्टमध्ये अडकली. मग पानसे स्वतः ॲम्ब्युलन्स घेऊन आले यांना घरी न्याले." काकूंनी पदराने खाटेच्या कडेवरची धूळ पुसली. "फार करतात सोसायटीवाले. मेंटेनन्स पण माफ केला."

"म्हणजे... त्यांना माहीत आहे?"

"विचारलं नाही मी. त्यांनी पण नाही विचारलं."

खाटेवरून आवाज आला. शब्द नव्हता, शब्दाचे तुकडे होते. "ब... ब... बं..."

मी जिना कसा चढले आठवत नाही. हँडल खाली ओढलं, यंत्र बंद केलं आणि परत खाली आले.

चेहऱ्याला कडा आल्या होत्या. मिशा होत्या त्यांना, पांढऱ्या, टोकं करपलेल्या. डोळे उघडे होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"पोरी... चालू नको करू. हात जोडतो तुला... आत पेटते... एकेक हाड वेगळं वाजते..."

"नाही करणार, काका. मी आहे."

"किल्ली... किल्ली तिच्याकडे..."

मी वळून पाहिलं. काकू खोलीत नव्हत्या. डोक्यावरच्या स्लॅबवर अनवाणी पावलं चालत गेली. घाई नव्हती त्या पावलांत. मग हँडलचा खट्ट आवाज झाला.

मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. त्यांनाही तो आवाज ऐकू आला होता. 'नको' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि उघडलेल्या तोंडाच्या कडा माझ्यासमोर विरघळल्या. मनगटावरची त्यांची बोटं आधी गुदगुल्या केल्यासारखी वाटली, मग चटका बसला. मी हात हिसकावून घेतला. चार बोटांचे चार फोड आले होते.

वर गेले तेव्हा काकू यंत्राजवळ उभ्या होत्या. फरशीवर मला बुटातूनही चटके बसत होते. त्यांच्या पायांत काही नव्हतं.

"काकू, पायाला..."

"सवय आहे." त्यांनी गच्चीवर नजर फिरवली, आपल्या माहेरच्या अंगणात फिरवावी तशी. "मी नवीन लग्न होऊन आली न, तेव्हा खालच्या मजल्यापर्यंतच बिल्डिंग झाली होती. मग हे मजले चढले. गच्ची झाली. भाजीत मीठ जास्त झालं, की हे मला इथे आणून उभं करत. बाराले. बाहेरून कडी. ऊन उतरलं की उघडत. तेव्हा पॅनल नव्हते, सावली पण नव्हती."

मी गच्चीच्या दाराकडे पाहिलं.

"दार वाजवायची मी. दोन्ही हातांनी वाजवायची. खाली चौदा घरं." त्या माझ्याकडे बघून चक्क हसल्या. "सगळी झोपलेली असत."

"काकू, ते मरतील."

"हो न."

"असं नका करू. पोलिस, डॉक्टर, मी कुणालाही बोलावीन. मरतील ते."

"एवढ्यात नको पण मराले," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. भाजी इतक्यात उतरवू नको म्हणावं, तसं म्हणाल्या.

मी यंत्राचं कंट्रोल कार्ड उपसून काढलं, पिशवीत टाकलं आणि तडक निघाले. कार्डाशिवाय ते चालू होणार नव्हतं. जिना उतरताना मनात मी स्वतःला शाबासकी देत होते.

ती शाबासकी दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकली. सोसायटीने तक्रार केली, साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी सगळं सांगितलं. ते ऐकताना ते मोबाईलवर मीच काढलेला स्कोपच्या पडद्याचा फोटो मोठा करून बघत होते.

"इतकी स्वच्छ लाट आपल्या लॅबमध्ये तरी मिळते का?" ते म्हणाले. "कस्टमर खूश आहे, वीज जास्त मिळतेय. तू एका आजारी म्हाताऱ्यासाठी कार्ड चोरून आणलंस. मेहजबीन, तू सुट्टी घे थोडे दिवस."

आमच्या कंपनीतल्या तेजस नावाच्या पोराने त्याच दिवशी नवीन कार्ड बसवलं आणि पानसेंच्या सांगण्यावरून मी जोडलेला रेझिस्टर पुन्हा तोडला. मी पोलिस चौकीत गेले. हवालदारांनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एका शब्दाने अडवलं नाही, आणि मग विचारलं, "म्हणजे तुमची तक्रार नक्की कुणाविरुद्ध? सूर्याविरुद्ध?" वानखडेंच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मला चांगल्या मानसोपचार तज्ज्ञाचं नाव सुचवलं. मी तरी त्यांच्या जागी दुसरं काय केलं असतं?

रविवारी लोकांचे कारखाने, दुकानं बंद असतात. बाहेर वीज घ्यायला कुणी नसतं, तेव्हा फिल्टरची थरथर सगळ्यात वाईट. त्या रविवारी आकाशात एक ढग नव्हता. मी घरी पंख्याखाली पडून होते आणि हातावरचे फोड ठणकत होते. भर दुपारी ते एकाएकी ठणकायचे थांबले.

संध्याकाळी पानसेंचा फोन आला.

"वानखडे गेले. आणि गेल्यापासून मशीन असं किंचाळतंय की लोकांना साधं भेटायला येता येईना. उद्या या. काय ते करा एकदाचं."

मी गेले. खरं सांगते, मनातून मला बरं वाटलं होतं. माणूस सुटला. मी नवीन रेझिस्टर नेले, नवीन पंखा नेला, सगळं स्वतःच्या हाताने जोडलं. यंत्र चालू केलं. गुणगुण सुरू झाली, वाढली, आणि मग रेझिस्टर तापू लागले. छान, सरळ, प्रामाणिक तापले. पंखा घरघरायला लागला. किंकाळी विरली. मी तिथेच कुरडयांच्या साड्यांजवळ खाली बसले आणि मला रडू आलं. एवढंच करायचं होतं. एवढ्याने भागत होतं.

"आवाज येतोय हा," पानसे कानावर हात धरून म्हणाले.

"येऊ दे. लावा कापूस कानात."

पुन्हा तिथे जायचं काही कारण नव्हतं. पण पंधरा-वीस दिवसांनी मी खडकीहून येत होते, दुपार होती, आणि गाडी आपसूक आळंदी रस्त्याला लागली. इमारतीखाली उभं राहून वर कान लावला. पंख्याची घरघर ऐकू यायला हवी होती. ती नव्हती. चौदाही घरांचे पडदे ओढलेले होते. सोसायटी गाढ झोपली होती.

पानसेंची झोपमोड केल्याचा मला आनंद झाला असता, पण ते जागेच होते आणि खुशीत होते.

"काढला पंखा," ते म्हणाले. "गरजच राहिली नाही. तिसऱ्या दिवसापासून शांत आहे बघा."

"तिसऱ्या दिवशी काय झालं होतं?"

"काय होणार? राख सावडायला गेलो. काकूंना मूलबाळ नाही, पुतण्या आला होता वर्ध्याहून, त्याच्याबरोबर मीच गेलो."

मी जिना चढत असताना तो वास परत आला. तेच वार्निश. वरच्या मजल्यावर ती किणकिणही होती, आता फार बारीक, फार उंच.

प्रत्येक घरात कुणी आजारी आहे का, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं. त्याची वेळ आली नाही. काकूंनी दार उघडलं. चेहरा तुकतुकीत दिसत होता, अंगही जरा भरलं होतं. खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती, गार होती. मी आवाजाच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

ओट्याशेजारी जाळीचं कपाट होतं. पूर्वी दूधदुभतं ठेवायला असायचं तसं. त्याला कुलूप. आत वरच्या फळीवर तांब्याचा गडू, तोंडाला लाल फडकं बांधलेलं. गडूखालची लाकडी फळी काळी पडली होती. आणि गडूला कडा नव्हत्या.

आमच्यात दफन करतात. पण पुण्यात वाढलेय, अस्थी घरात आणत नाहीत एवढं मलाही ठाऊक आहे. स्मशानातच झाडाला बांधून ठेवतात आणि दहाव्याला नदीत सोडतात, म्हणजे गेलेला मोकळा होतो.

"काकू... दहावं झालं ना?"

"झालं न. आळंदीला, घाटावर."

"मग नदीत काय सोडलं?"

"राख. खालच्या इस्त्रीवाल्याची. कोळशाची राख काय आणि माणसाची काय, दिसते सारखीच." काकूंनी कपाटाची जाळी पदराने पुसली, मग हात मागे घेऊन बोटं झटकली. चटका बसला असावा. "यांच्या अस्थी पानसेंनीच आणून दिल्या. मी म्हटलं त्यांना, पंखा लावून ठेवा, नाहीतर यांना घरी ठेवू द्या. दुसऱ्या दिवशी आणून दिल्या."

"आणि पुतण्या?"

"त्याला काय माहीत. पिंडाला कावळा शिवेना, तो बिचारा उन्हात उभा राहून राहून थकला. पानसे म्हणाले, कावळेही दुपारचे झोपतात. मग दर्भाचा कावळा केला."

मी कपाटाला हात घातला. कुलूप ओढलं, जाळी ओढली. तळवा भाजला तरी ओढली. जाळीच्या आत, तांब्याच्या आत, फडक्याच्या खाली दात वाजत होते. दुसरं काही नाही, नुसते दात. ते कुणाचे आणि काय म्हणत होते, हे मला सांगायची गरज नव्हती.

"किल्ली द्या, काकू. मी नेते. आत्ता नेऊन सोडते. पंखा बसवते, रेझिस्टर आहेतच, ते घेतात सगळं अंगावर. तुम्हाला काही करावं लागणार नाही. सुटू द्या त्यांना."

"बसा. चहा ठेवते."

"ते मेलेत, काकू!"

"म्हणूनच तर," काकू म्हणाल्या. "आता भीती नाही न मरायची."

त्यांनी खरंच चहा ठेवला. मी तिथे बसून राहिले. विनवण्या केल्या, धमक्या दिल्या, रडले, त्यांच्या पायांना हात लावला. त्या पायांच्या टाचा टणक झालेल्या होत्या, करवंटीसारख्या. काकू कधी हो म्हणाल्या नाहीत आणि कधी आवाजही चढवला नाही. बाहेर ऊन उतरू लागलं. कपाटातला आवाज हळूहळू जाड झाला, विरळ झाला. मग गडूला कडा आल्या, लाल फडक्याची गाठ दिसू लागली, आणि तो थांबला. वर यंत्र बंद पडल्याचा टक आवाज झाला. सोसायटीतून कुकरच्या शिट्ट्या येऊ लागल्या, पोरं खाली खेळायला उतरली. सगळं जगात कुठेही असतं तसं होतं.

निदान रात्र तरी त्यांना मिळते, असं मला वाटलं. त्याच विचाराचा आधार घेऊन मी उठले. घरात एव्हाना काळोख झाला होता, काकू भिंतीशी नुसत्या सावलीसारख्या दिसत होत्या.

"थांबा, दिसणार नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ट्यूबलाइटचं बटण दाबलं.

ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली. कपाटात दात वाजायला लागले.

मी वर कान लावला. यंत्र बंद होतं. सूर्य मावळून गेला होता. लायनीत काही नव्हतं, कसलीच थरथर नव्हती.

"हे... हे आता का?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "उजेड पडला की त्यांना वाटते, उजाडलं."

त्यांनी बटण बंद केलं. अंधार झाला. दात एक-दोनदा वाजले आणि थांबले. मला काकूंचा श्वास ऐकू येत होता, शांत, जेवण झाल्यावर असतो तसा.

मग त्यांनी पुन्हा बटण दाबलं.